ओढ

'ओढ' हा शब्द मराठीत किती ठिकाणी राबतो, हे वर्गात सांगताना मला दर वेळी बीड जिल्ह्याचाच आधार घ्यावा लागतो. बैल गाडी ओढतात. लेकीला माहेराची ओढ लागते. आणि श्रावणात ढग न बरसताच पुढे सरकू लागले की 'पावसाने ओढ दिली' असे आपण म्हणतो. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक छापलेले असतात आणि परीक्षेपुरते ते तसेच लक्षात ठेवले तरी चालते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या या जिल्ह्यात मात्र ते एकापाठोपाठ एक घडतात. आधी पाऊस ओढ देतो, मग दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर माणसांना ओढून नेतो, आणि पुढचे पाच-सहा महिने त्या माणसांना परमुलखात गावाची ओढ लागून राहते.

हे सारे पुन्हा मनात आले ते एका वाहनखरेदीच्या निमित्ताने. माझा एक माजी विद्यार्थी भाद्रपदात घरी आला. मराठी विषयात एम.ए., प्रथम श्रेणी. चार वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून झालेले. धारूर तालुक्यातल्या एका वाडीवर त्याचे घर, आणि आई-वडिलांचा कोयता गेली वीस-बावीस वर्षे चालू. ऊसतोडीच्या भाषेत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर 'अर्धा कोयता'. विवाहसंस्थेची इतकी रोखठोक व्याख्या मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेली नाही. खिशातून दोन-तीन कोटेशनचे कागद काढून त्याने माझ्यासमोर पसरले आणि विचारले, "मॅडम, औंदा हेड घ्यायचं म्हणतोय. पन्नासचं घ्यावं का साठचं?"

हेड म्हणजे ट्रॅक्टरचा पुढचा भाग, ट्रॉली वगळून उरणारा. पन्नास आणि साठ हे त्याच्या अश्वशक्तीचे आकडे. मला यातले काय कळते, असे मी म्हणाले, तेव्हा तो हसून म्हणाला, "त्यातलं कळणारी माणसं लई हायेत. तुम्ही प्रश्न बरे इचारता, म्हणून आलो."

पहिला प्रश्न अर्थातच हा होता की हेडच का? त्याच्या चुलतभावाचा सल्ला वेगळा होता. त्याचे म्हणणे, पिकअप घे. दीड टनाच्या आसपास माल नेते, बारा महिने भाडे मिळते. कांदा, शेळ्या, लग्नाचे वऱ्हाड, काहीही. २००५ साली टाटांची 'एस' आली आणि गावोगावी तिला 'छोटा हत्ती' हे नाव पडले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या अनेक तरुणांनी अशा लहान गाड्यांवर संसार उभे केले आहेत. पण पिकअप उसाच्या फडात शिरत नाही. पाणी दिलेल्या रानात ती रुतते, आणि टनावारी ऊस भरलेली ट्रॉली ओढणे हे तिचे काम नव्हे. वडिलांचे मन टायरगाडी आणि बैलजोडीत होते. "बैलाला हप्ता नसतो," एवढाच त्यांचा युक्तिवाद. आणि तो खोडून काढणे सोपे नव्हते.

बाहेरच्या माणसाला ही तीन वाहनांमधली निवड वाटेल. ऊसतोडीत वाहनावरून माणसाचे जगणेच ठरते. तोडणीच्या तीन रीती तिथे वाहनावरूनच ओळखल्या जातात. 'गाडी सेंटर'मध्ये जोडप्याची स्वतःची बैलगाडी असते. ऊस तोडायचा आणि आपणच कारखान्यावर न्यायचा. त्यामुळे बिऱ्हाड कारखान्याच्या आसपास एका तळावर, शेकडो कोप्यांच्या गर्दीत राहते. 'टायर सेंटर'मध्ये बैल आपले, पण रबरी चाकांची गाडी भाड्याने घेतलेली. 'डोकी सेंटर' म्हणजे ट्रक-ट्रॅक्टरवरची टोळी. इथे तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन, लावलेल्या फळीवरून चढून वाहन भरायचे. टोळी फडाच्या मागे गावोगाव फिरते. आज या शिवारात कोपी, पंधरा दिवसांनी त्या. वाहन रात्री दोनला आले तर दोनला उठून भरायचे. बैलाला रात्री विश्रांती द्यावीच लागते, म्हणून बैलगाडीवाल्याला ती आपोआप मिळते. ट्रॅक्टरला विश्रांती लागत नाही. वडिलांच्या बैलप्रेमामागे हा हिशेब होता, तो मला उशिरा उमगला.

मुलगा मात्र मोळी डोक्यावर घेऊनच वाढलेला. त्याला फळीवरून उतरून स्टिअरिंगमागे बसायचे होते, आणि ही इच्छा कमी लेखण्याचा अधिकार मला तरी नाही. एम.ए.च्या पदवीने जे व्हायला हवे होते ते झाले नाही. आता ते ट्रॅक्टरने व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा होती.

एम.ए.च्या वर्गात आम्ही जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या १९३९ च्या कादंबरीबद्दल बोललो होतो. त्याने तीच आठवण काढली. ओक्लाहोमातल्या शेतीतून उखडले गेलेले जोड कुटुंब कॅलिफोर्नियाकडे निघते, तेव्हा जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक करते. घरातला सोळा वर्षांचा अॅल हा त्या गाडीचा जाणकार. निवड त्याची, म्हणून जबाबदारीही त्याची. वाटेत इंजिनाचा आवाज जरा बदलला की त्याचा जीव खालीवर होतो. जुन्या मोटारी विकणाऱ्यांच्या लबाड्यांना तर स्टाइनबेकने एक स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. आणि घर सुटल्यावर कुटुंबाची बैठक भरते ती त्या ट्रकशेजारी. चूल विझल्यावर माणसे ज्याच्याभोवती जमतात ते घर, इतका साधा विचार त्यामागे आहे. आजोबा वाटेत जातात. आजी वाळवंट ओलांडताना त्या ट्रकवरच प्राण सोडते आणि आई रात्रभर तिच्या शेजारी पडून राहते, गाडी थांबू नये म्हणून कोणाला सांगत नाही.

गंमत अशी की त्याच दशकात, त्याच कॅलिफोर्नियात वॉली बायम नावाचा गृहस्थ मोटारीमागे जोडायची फिरती घरे बांधत होता. १९३६ साली त्याने 'एअरस्ट्रीम क्लिपर' हे चकचकीत अॅल्युमिनियमचे घर बाजारात आणले. सुटीत हिंडायला निघालेल्यांनी ते आपल्या गाडीमागे जोडावे आणि मन मानेल तिथे मुक्काम करावा. मागे घर जोडून निघालेली दोन प्रकारची माणसे एकाच काळात एकाच प्रदेशात होती. एकाला परतीचा पत्ता होता आणि दुसऱ्याला नव्हता. आमच्या ट्रॉलीतल्या माणसांना परतीचा पत्ता असतो. पण निघायचे कधी आणि परतायचे कधी, हे त्यांच्या हातात नसते. कारखान्याचा पट्टा पडेल तेव्हा हंगाम संपतो.

ट्रॉलीत काय काय असते, ते एकदा उभे राहून पाहावे. तळाशी बांबू, चटया आणि ताडपत्री, म्हणजे घडी केलेले घर. त्यावर ज्वारीची पोती, पिठाचे डबे, हंडे, परात, पोत्यात गुंडाळलेले कोयते. कडेला शेळी, खुराड्यात कोंबड्या. मधल्या जागेत माणसे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत किंवा गावात हंगामी वसतिगृह चालू आहे, त्यांची शाळकरी मुले मागे राहतात. बाकीची दप्तरासह ट्रॉलीत. केज, कळंब, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज असा रस्ता धरून कोल्हापूरकडे जायचे तर तीन-साडेतीनशे किलोमीटर होतात. ट्रॅक्टर तासाला वीस-पंचवीस किलोमीटरने चालतो. मध्ये एक रात्र येतेच. त्या रात्री बायकांनी कुठे उतरायचे, याचा विचार कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो.

एप्रिल २०१६ मध्ये याच वाटेने उलट दिशेला पाणी आले होते. मिरजेहून निघालेली 'जलदूत' रेल्वे शेजारच्या लातूरला पाणी घेऊन आली, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. मिरजेच्या आसपास उसाचा मुलूख आहे आणि आमच्या भागातले कोयते तिकडे वर्षानुवर्षे जातात. पाणी नाही म्हणून माणसे तिकडे ओढली जातात, आणि त्या साली पाणीच इकडे ओढून आणावे लागले. पाण्याच्या त्या फेऱ्या मोजल्या गेल्या. माणसांच्या फेऱ्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांची बातमी होते ती अपघात झाल्यावरच.

अपघाताचा विषय त्याच्या मामाने काढला. मामा पंधरा वर्षे दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवतो आहे. पुढच्या रविवारी मी त्यांच्या वाडीवर गेले, तेव्हा भाच्याचे कागद चाळून तो म्हणाला, "बाई, ह्यो पन्नास-साठ करतोय. ओढायला कोणतंबी हेड ओढतंय. थांबवायचं कसं, ते कुणी कागदावर लिव्हलंय का?"

नंतर त्याने जे सांगितले ते मला शरीरशास्त्राच्या तासासारखे स्पष्ट झाले. हेडचे वजन दोन-अडीच टन. मागे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या, म्हणजे त्याच्या सात-आठ पट ओझे. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतात. सगळा भार थोपवायचा तो हेडच्या मागच्या दोन चाकांनी. सपाटीवर ते जमून जाते. उतारावर ट्रॉली हेडला मागून ढकलू लागते. चालकाने घाबरून जोरात ब्रेक दाबला तर पुढचे हेड आडवे होते आणि मागची ट्रॉली त्यावर चढते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ती दोन पायडले खटक्याने जोडून घ्यायची असतात. नाही जोडली आणि पाय एकावरच पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. चढावर ओझे जास्त झाले की पुढची चाके उचलली जातात, म्हणून नाकावर वजने लावायची. दोनचाकी ट्रॉली असेल तर मागे जास्त भरायचे नाही, कारण मागे झुकलेली ट्रॉली हूक वर उचलते. आणि ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा. धारूरच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे त्याने पाहिले आहेत. "त्यातला एक दोस्त व्हता," एवढे बोलून तो बिडी पेटवायला बाहेर गेला.

खरेदीच्या चर्चेत ही माहिती कुठे येते? लाल घ्यावा, निळा घ्यावा की हिरवा, यावर पारावर तासन्तास खल होतो. मायलेज, हायड्रॉलिक, परत विकताना येणारी किंमत यांवर होतो. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहेत का, हुकाच्या पिनेला लॉक आहे का, जोडीला साखळी आहे का, हे विचारणारा माणूस भित्रा ठरतो. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, ते चांगलेच आहे. पण महिन्याभरात त्या पट्ट्यांवर चिखल बसतो आणि अंधारात उभी असलेली ट्रॉली पुन्हा दिसेनाशी होते.

असे असूनही मला विचारायचा प्रश्न ब्रेकचा नव्हता. तो या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला होता. नव्या हेडची किंमत आठ-दहा लाखांच्या घरात, ट्रॉल्या वेगळ्या. कर्जाचा हप्ता फेडायचा तर कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार हवा. करार केला की कारखाना वाहनमालकाला आगाऊ रक्कम देतो. मालक ती मुकादमाला देतो. मुकादम कोयत्यांना उचल वाटतो. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी आधीच घेतलेले पैसे. ते लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या उचलीच्या बाकीत पावसाळ्यातच संपलेले असतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती लहान नव्हे. पण उचल फिटेपर्यंत दर कितीही असला तरी तो वहीतल्या आकड्यातून वजा होत राहतो, आणि ती वही मुकादमाकडे असते. आजारपणात एक दिवस काम बुडाले तर त्याचा 'खाडा' त्याच वहीत लागतो. ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो हे डोळ्यांना दिसते. कोयत्याला ओढते ती उचल; ती दिसत नाही.

या साखळीत कधी कधी टोळी पळते. कधी मुकादमच पैसे घेऊन नाहीसा होतो आणि वाहनमालकाचा ट्रॅक्टर कर्जात जातो. अशा वेळी मालक टोळीच्या गावी येतो. पुढे काय होते, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही.

"तुझ्या टोळीतले दोन कोयते पळाले," मी त्याला म्हणाले, "तर तू काय करशील?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "जावं लागंल त्यांच्या दारात." आणि थोड्या वेळाने, "मी सातवीत असताना मुकादम आमच्या दारात दोन दिवस बसून व्हता, मॅडम. आबा रानात लपलेले. आईनं त्या मुकादमाला दोन्ही दिवस भाकरी घातली."

आई तिथेच ज्वारी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "उपाशी कसं ठिवावं," एवढेच म्हणाली.

त्याला पाहताना मला वाटत राहिले की खरेदीचा सारा पेच इथे आहे. अश्वशक्ती कमी-जास्त घेता येते. पण या साखळीत खालून एक कडी वर चढले की माणसाला कोणाच्या तरी दारात जाऊन बसावे लागते. त्याने चढू नये, असे म्हणण्याची सोय मला नव्हती. तासिका तत्त्वावरच्या त्याच्या मानधनात घर चालत नव्हते, हे मला ठाऊक होते. शिवाय ऊस तोडणारी यंत्रे दर हंगामात वाढत आहेत. कोयत्यावर आणखी वीस वर्षे काढता येतील, अशी खात्री आता कोणी देणार नाही. आपण वर्गात शोषणव्यवस्थेवर बोलतो तेव्हा शोषक आणि शोषित अशा दोन बाजू फळ्यावर नीट मांडता येतात. इथे एकाच घरातला बाप एका बाजूला होता आणि मुलगा हप्त्यांवर दुसऱ्या बाजूला जाऊ पाहत होता, तेही बापाला फळीवरून खाली उतरवता यावे म्हणून.

शेवटी त्याने पन्नासचे जुने हेड घेतले. साठच्या नव्याचा हप्ता भरायला मोठी टोळी लागली असती. जुन्याला लहान टोळीवर भागणार होते. मुकादम घेतला नाही. भावकीतले आणि शेजारच्या वाडीतले आठ कोयते त्याने स्वतः ठरवले. उचल मात्र द्यावीच लागली; तिच्याशिवाय कोणी निघूच शकत नाही. पण बाजारातून त्याने आठ वह्या आणल्या, दर कोयत्याला एक. उचल किती, टन किती, वजा किती, बाकी किती, हे आपल्या वहीत आणि त्यांच्याही वहीत एकाच दिवशी लिहायचे, असे ठरवले. अक्षर त्याचे पहिल्यापासून चांगले. या वह्यांनी साखळी तुटत नाही, हे तो जाणतो. आकड्यावर भांडण झाले तर दाखवायला काही तरी दोन्ही बाजूंकडे असेल, एवढेच.

मामाच्या आग्रहाने हुकाला नवी पिन आणि साखळी बसली. ट्रॉली वेल्डिंगला गेली तेव्हा त्याने आईला विचारले, तुला काही सांगायचे आहे का. इतक्या दिवसांच्या चर्चेत तिला कोणी काही विचारले नव्हते, मीही नाही. ती म्हणाली, "पायरी कर."

ट्रॉलीवर चढायला पायरी नसते. बायका चाकावर पाय देऊन, फाळक्याला धरून वर चढतात. पोटुशी असल्या तरी, कडेवर मूल असले तरी. वीस-बावीस हंगाम ती तशीच चढली होती. वेल्डरने दोन लोखंडी पट्ट्यांच्या दोन पायऱ्या आणि हाताला एक नळी बसवून दिली. खर्च काही शेकड्यांत होता. दिवाळीनंतर ट्रॉली निघाली तेव्हा आधी पोरे चढली, मग शेजारची एक सात महिन्यांची गरोदर सून, आणि सगळ्यांत शेवटी ती. आबा पुढे मुलाच्या शेजारी मडगार्डवर बसले होते. मामाने ब्रेकची दोन्ही पायडले जोडलेली आहेत का, ते वाकून पुन्हा एकदा पाहिले, आणि मग हात केला.